कंपनीकडे टी-शर्ट नको, मेकॅनिक मागा

दसरा जवळ आला की कुठल्यातरी नव्या बाइक रायडिंग क्लबचा फोन ठरलेला. "ताई, शोरूमवाल्यांकडून स्पॉन्सरशिप कशी काढायची?" मी साताऱ्यातल्या एका क्लबची खजिनदार, आठवडाभर एका सीएच्या ऑफिसात लोकांची खाती लिहिते आणि रविवारी बुलेट बाहेर काढते. फोनवर दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कंपनीनं क्लबला मदत करावीच का, याचं उत्तर आधी तयार ठेवा. शोरूमचा मॅनेजर तेच विचारणार आहे. मी जावा-येझदी या जुन्या मोटरसायकलींचं उदाहरण देते. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. त्यानंतर वीसेक वर्षं कंपनी नाही, डीलर नाही, शोरूम नाही. गाड्या जगवल्या त्या क्लबांनी आणि गल्लीबोळातल्या मिस्त्रींनी. कॉर्कच्या क्लच प्लेट कुठं मिळतील, इग्निशनचे पॉइंट कोण नीट सेट करून देईल, हे सगळं एकमेकांना विचारत चाललं. जुलैचा दुसरा रविवार ही मंडळी जावा-येझदी डे म्हणून साजरा करायची, अजूनही करतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जावा पुन्हा बाजारात आली, तेव्हा त्या नावाला जी किंमत होती ती या लोकांनी राखलेली. आमच्यातले एक काका अजून जुनी येझदीच आणतात. गिअरचा लिव्हर आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून त्यानंच गिअर टाकायचे. नवी पोरं दर वेळी मोबाइल काढून त्याचं शूटिंग करतात. शोरूमबाहेरच्या फ्लेक्सपाशी असं कुणी थांबलेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरं उदाहरण मॅनेजरला सांगायचं नाही, आपल्यापुरतं ठेवायचं. हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी मोटरसायकल कंपनीनं आपल्या गाडीमालकांचा क्लब, हार्ले ओनर्स ग्रुप, स्वतःच 1983 मध्ये काढला, जगभर त्याचं नाव. पण 2020 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं भारतातली विक्री आणि कारखाना बंद करायचं जाहीर केलं. महिन्याभरानं हीरो मोटोकॉर्पशी विक्री-सर्व्हिसचा करार झाला म्हणून निभावलं. तेव्हा मदत जरूर घ्या, पण क्लबचा सातबारा कंपनीच्या नावावर करू नका.

आता कामाचं. डीलर म्हणजे कंपनी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. डीलरचा धंदा वेगळा, त्याच्या गल्ल्यातून त्याला शंभर खर्च भागवायचे असतात. कंपनीचा एरिया मॅनेजर अधूनमधून फेरी मारतो. मोठी रक्कम किंवा ट्रेनिंग हवं असेल तर ते त्याच्यामार्फतच वर जातं. पण सुरुवात डीलरपासून करा, आणि तिथंही सेल्सवाल्याकडे नको, सर्व्हिस मॅनेजरकडे जा. आपल्या गाड्या त्याच्या ओळखीच्या असतात. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी, महिनाअखेर आणि शनिवार टाळा. डिलिव्हरीचे हार-पेढे चालू असताना तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. एखाद्या मंगळवारी सकाळी दोघंच जा. दहा जणांचा घोळका नेला की लोकांना वाटतं तक्रार घेऊन आलेत.

मागायचं काय, यात बहुतेक क्लब चुकतात. टी-शर्ट, बॅनर आणि मिसळ मागतात आणि तेवढंच मिळतं. आम्ही आधी मेकॅनिक मागतो. पावसाळ्यात पसरणीचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना एखाद्याची क्लच केबल तुटली की अख्खा ग्रुप धुक्यात कडेला उभा राहतो आणि मागून ट्रक येत असतात. त्या वेळी एक माणूस, एक बॅकअप गाडी आणि एक पेटी असली की अर्ध्या तासात काम होतं. पेटीत काय हवं तेही लेखी द्या: क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, दोन्ही लिव्हर, ट्यूब, प्लग, फ्यूज, चेन लिंक, पंक्चर किट. न वापरलेला माल परत करायचा, वापरलेल्याचे पैसे ज्याची गाडी त्यानं द्यायचे. या अटीवर डीलर सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याचं जातंय काय?

त्यानंतर वर्कशॉपची जागा मागा. सुट्टीच्या दिवशी दोन तास, चेनला ताण कसा द्यायचा, ब्रेक पॅड कधी बदलायचे, हे त्यांच्याच मेकॅनिककडून शिकायला. आमच्याकडे या वर्गाला बायका जास्त येतात, कारण एरवी सर्व्हिस सेंटरला कुणी त्यांना समजावून सांगायच्या फंदात पडत नाही. तिसरी मागणी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाची. पैसे सगळ्यात शेवटी.

गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स हा रायडरचा मेळावा होतो, शिवाय इंडिया बाइक वीकही असतो. जा, मजा करा. पण ती मोठी जत्रा आहे. कास रोडवर गाडी बंद पडली तर तिथला स्टेज उपयोगाचा नाही.

पत्र एका पानाचं असू द्या. सभासद किती, कोणत्या कंपनीच्या किती गाड्या, वर्षभराच्या राइडच्या तारखा, आणि क्लबचे नियम. आयएसआय हेल्मेटशिवाय राइडला घेत नाही आणि कंपनीचा सायलेन्सर काढून फटाक्यांसारखे आवाज करणाऱ्याला येऊ देत नाही, हे ठळक लिहा. कोणत्याही मॅनेजरला भीती असते ती आपलं नाव पोलीस केसमध्ये यायची. म्हणूनच पत्रात, फ्लेक्सवर किंवा इन्स्टावर 'रेस', 'स्पर्धा', 'कमी वेळात पोहोचा' असलं काही चुकूनही नको. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि आपल्या नेहमीच्या विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेलीच नसते. उद्या कुणी पडलं तर विमा कंपनी तोच फ्लेक्स पुढं करेल.

आपल्याही अटी त्याच पत्रात घाला. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या राइडला येणार. सभासदांचे फोन नंबर शोरूमला मिळणार नाहीत. एकदा यादी दिली की एक्स्चेंज ऑफरचे फोन वर्षभर थांबत नाहीत, हा एका डीलरकडचा आमचा अनुभव. आणि गाडीत दोष निघाला तर आम्ही उघड बोलणार. ही शेवटची अट वाचून कुणी तोंड वाकडं केलं तर चहा पिऊन उठा.

पैशांचं मी थोडं कडक सांगते, धंदाच माझा तो. कुणाच्याही खासगी खात्यात किंवा जीपेवर एक रुपया घेऊ नका. क्लबची नोंदणी करा. महाराष्ट्रात संस्था नोंदणी आणि सार्वजनिक न्यास या दोन्ही कायद्यांखालची कागदपत्रं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. मग पॅन, मग बँक खातं, मगच पावतीपुस्तक. "कंपनीला सीएसआरचे, म्हणजे समाजकार्याचे, नफ्यातले दोन टक्के खर्च करावेच लागतात, त्यातून मागू" असं सांगणारा एकजण प्रत्येक क्लबात असतो. दोन टक्के खरे आहेत, मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना कंपनी कायद्याचं कलम 135 लागू आहे. पण स्वतःची जाहिरात होईल अशी स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरतच नाहीत, आणि ते पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेला प्राप्तिकर खात्याची 12ए आणि 80जी नावानं ओळखली जाणारी नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते. रस्ता सुरक्षा मात्र सीएसआरमध्ये बसते. तेव्हा ही कागदपत्रं असलेली एखादी गावातली संस्था गाठा, शाळा-कॉलेजात हेल्मेट आणि प्रथमोपचाराचा कार्यक्रम त्यांच्या नावानं होऊ द्या, आणि शिकवायला तुमचे रायडर पाठवा.

राइड झाल्यावर आठवड्याच्या आत हिशेब पाठवा: कोणते पार्ट वापरले, किती परत केले, कुणाच्या गाडीत काय निघालं. एकाच मॉडेलचा तोच पार्ट दोनतीन गाड्यांत गेला असेल तर किलोमीटर आणि फोटोसह वेगळं लिहा आणि मेल एरिया मॅनेजरलाही टाका. मेकॅनिकचं नाव घालून आभार माना, आणि राइडला आलेल्या पोराला जेवणाचे पैसे द्यायला लावू नका.