लवकर जन्मलेल्या बाळाची किडनी: घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय विचारायचं

माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली. वजन १,१५० ग्रॅम, काचेच्या पेटीत ५२ दिवस. घरी आणल्यावर डोळे तपासले, कान तपासले, वजनाचा तर रोज हिशोब. किडनीचं नाव कुणी काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायचं असतं हे कळायला अडीच वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते. पण यातलं निम्मं काम मापं घ्यायचं आणि लिहून ठेवायचं आहे, ते मला जमतं.

आधी कारण समजून घ्या. रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, पोटातच ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत बनत असतात. त्यातल्या सुमारे ६० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ लवकर आलं की ते काम अर्धवट राहतं. बाहेर आल्यावर काही आठवडे चालू राहतं, पण तितकं नीट होत नाही. त्यानंतर जन्मभर नवा नेफ्रॉन बनत नाही. कापड हातात आलं तेवढ्यातच झगा बेतायचा. बहुतेक मुलांना लहानपणी काही त्रासही होत नाही, पण कमी चाळण्यांवर जास्त भार पडतो, आणि तो आधी बीपीत आणि लघवीतल्या प्रोटीनमध्ये दिसतो. वरून बघून कळत नाही.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्याच्या तीन झेरॉक्स करा. किती आठवडे, किती वजन, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, जो किडनी गाळून टाकते) सगळ्यात जास्त किती झालं होतं, बेंबीतून नळी घातली होती का, हे बघा. औषधांत जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन ही अँटिबायोटिकं, हृदयातली उघडी नळी बंद करायला दिलेलं आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन, आणि लघवीसाठीचं फ्युरोसेमाइड, ही नावं शोधून खाली रेघ मारा. जीव वाचवायला ती द्यावीच लागतात, त्यात कुणाची चूक नाही. पण त्यांचा किडनीशी संबंध आहे. आमच्या कार्डाच्या मागच्या पानावर सोनोग्राफीत ‘किडनीत कॅल्शियमचे कण’ असं बारीक अक्षरात होतं. फ्युरोसेमाइड बरेच दिवस चाललं की असं होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा ते हळूहळू कमी होतं. कमी झालं की नाही हे मात्र पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय कसं कळणार?

आता बीपी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७च्या सूचनांप्रमाणे तीन वर्षांपासून सगळ्याच मुलांचं वर्षातून एकदा बघायचं, आणि ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांचं त्याआधीही, प्रत्येक तपासणीला. आमच्याकडे एका दवाखान्यात ‘एवढ्याश्या पोरीचं बीपी कशाला?’ असं म्हणून मोठ्या माणसांचा पट्टा गुंडाळला, तिच्या दंडाला तो दोन वेढे बसला. बाईच्या ब्लाउजची बाही लेकराला चढवावी तसं. पट्टा मोठा असला की बीपी खोटं कमी दिसतं, लहान असला की खोटं जास्त. म्हणून घरून माप घेऊन जा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप फिरवा. माझ्या मुलीचा दंड १५ सेंटिमीटर भरला. पट्ट्यातल्या हवेच्या फुग्याची रुंदी याच्या निदान ४० टक्के, म्हणजे ६ सेंटिमीटर हवी, आणि लांबी ८० ते १०० टक्के, म्हणजे १२ ते १५. उजवा हात, पाठ टेकलेली, पाय टेकलेले, तीन ते पाच मिनिटं शांत बसल्यावर. रडत असताना घेतलेला आकडा वहीत लिहूच नका. चार वर्षांच्या मुलीचं वरचं १०३ किंवा खालचं ६२ भरलं, तर नीट पुन्हा बघायला लावा. याचा अर्थ लगेच आजार असा नाही.

लघवी. सकाळची पहिली, प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण बघायला. लहान बाळाला ताप आला आणि सर्दी-खोकला काहीच नाही, तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवीचा नमुना द्या. नंतर दिलात तर बरेचदा जंतू सापडत नाहीत. चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, ती बरी नाही. मुलगी आठ महिन्यांची असताना आम्ही असं केलं: साध्या पाण्यानं धुऊन पुसलं, ह्यांनी मांडीवर धरलं, आणि मी गार पाण्यात बुडवलेला गॉझ बेंबीखाली गोल गोल चोळत राहिले. दुसऱ्या हातात झाकण काढलेली निर्जंतुक बाटली. चार मिनिटांनी धार आली, निम्मी ह्यांच्या पँटवर. उरली ती पुरली.

क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर लाल खूण नाही म्हणून समाधान मानू नका, आम्ही तिथंच फसलो. अडीच वर्षांची असताना ०.७ आलं. शेजारी छापलेली हद्द ०.६ ते १.२, मोठ्या माणसांची. लहान मुलांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून त्यांचं क्रिएटिनिनही कमी असायला हवं. पुण्यातल्या मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांनी किडनी किती गाळते याचं कागदावर गणित मांडलं: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. ८४ गुणिले ०.४१३ भागिले ०.७, म्हणजे साधारण ५०. दोन वर्षांपुढच्या मुलात ९०च्या आसपास किंवा वर हवं. तीन आठवड्यांनी परत केलं तेव्हा ०.५ आलं, गणित ६९वर. आता चार वर्षांची आहे, उंची ९८, क्रिएटिनिन तेच ०.५, म्हणजे ८१. (दोन वर्षांच्या आत आकडे मुळातच कमी असतात, घरी हिशोब करून जीव घाबरा करून घेऊ नका.)

ते ०.७ आलं कशामुळे, तर तिला उलट्या-जुलाब चालू होते आणि सोबत ताप, म्हणून मी कपाटातलं मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप दोन दिवस दिलं. घरात सगळ्यांना चालतं तेच. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हे आणि आयबुप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. कॉम्बिनेशनच्या बाटलीवर पॅरासिटामॉलचं नाव मोठं आणि दुसरं बारीक असतं, ते वाचा. तापाला नुसतं पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. जुलाबाला ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. सहा-आठ तास लघवी झाली नाही, सकाळी डोळे सुजले, लघवीला फेस राहिला किंवा ती चहासारखी लाल झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

खाण्यात फार पथ्य नाही. वर्षाच्या आत मीठ नाही, नंतर पापड, लोणचं, फरसाण कमी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डाळ, दूध, अंडं तोडू नका, त्यानं वाढ खुंटते. उलट बाजूनं, ‘पेटीत होती गं, जरा गुटगुटीत होऊ दे’ म्हणत तूपसाखर भरवणाऱ्या सासूबाईंना आवरणं अवघड गेलं, पण वजन फार वाढलं तर भार त्याच चाळण्यांवर पडतो. ओळखीच्या वैद्याची भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्या मात्र मी सरळ बंद केल्या.

घरात औषधांचा डबा सासूबाईंच्या ताब्यात असतो. झाकणाच्या आत मी कागद चिकटवलाय: तिचं वजन, पॅरासिटामॉल किती मिली, आणि खाली लाल पेनानं ‘मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन नाही’. वजन बदललं की कागद बदलते. गेल्या महिन्यात चौथा लावला.