सजीवांचं वर्गीकरण करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो "राहतो कुठे" यावरून. पाण्यात दिसला की मासा, उडाला की पक्षी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की शिकलीसवरलेली माणसंसुद्धा देवमाशाला मासा म्हणून मोकळी होतात. अर्थात वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही 1735 साली आपल्या 'सिस्टेमा नॅचुरे' या पुस्तकात देवमासा माशांमध्येच टाकला होता, 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो उचलून सस्तन प्राण्यांत नेला, त्यामुळे फार लाजायचं कारण नाही, पण आता तरी ही चूक नको.

खात्री करायची असेल तर शार्क आणि डॉल्फिनचे फोटो शेजारी ठेवा. अंग तसंच निमुळतं, पाठीवर तसाच त्रिकोणी पर, वरवर बघितलं तर भाऊ-भाऊच वाटतात. आता फक्त शेपटी बघा. शार्कची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी पसरलेली असते आणि वर-खाली हलते, कारण डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चार पायांवर चालणारे सस्तन प्राणी होते, त्यांचा कणा धावताना वर-खाली वाकायचा आणि पाण्यात गेल्यावरही वाकायची तऱ्हा तीच राहिली. शिवाय डॉल्फिनला कल्ले नाहीत, श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि पिल्लाला ती दूध पाजते. म्हणजे आकार सारखा झाला तो पाण्यात पोहण्यामुळे, नात्यामुळे नाही. जेलीफिश, स्टारफिश आणि सिल्व्हरफिश यातलाही एकही मासा नाही बरं का, तिसरा तर चक्क कीटक आहे.

दुसरी चूक म्हणजे जे जागचं हलत नाही ते झाड. मश्रूम जमिनीतून उगवतं म्हणून वनस्पतींत टाकायचं आणि प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून सोडूनच द्यायचं, असं करू नका. प्रवाळ आणि स्पंज हे दोन्ही प्राणी आहेत. बुरशी स्वतःचं अन्न बनवत नाही, तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच कायटिन जे कीटकांच्या कवचात असतं, आणि नात्याने बघितलं तर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे (हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाच पटत नाही). याच्या उलट अमरवेल. पिवळट दोऱ्यांसारखी दुसऱ्या झाडावर पसरते, पानं नसल्यातच जमा, अन्न दुसऱ्याचं शोषते, मग काहीजण तिला बुरशी म्हणतात. पण तिला फुलं येतात, बिया होतात, म्हणजे ती सपुष्प वनस्पतीच.

कुठे टाकायचं ते कळेना झालं तर प्रश्न क्रमाने विचारा, कारण बऱ्याचदा माहिती बरोबर असते आणि क्रम चुकतो. आधी पेशीत स्पष्ट केंद्रक आहे का ते बघायचं, नसेल तर थेट मोनेरा (जिवाणूंसारख्या केंद्रक नसलेल्या जिवांचा गट), पुढे बघूच नका. नीलहरित शैवाल इथेच फसवतं, नावात शैवाल, रंग हिरवट, प्रकाशसंश्लेषणही करतं, तरी केंद्रक नाही म्हणून मोनेराच. केंद्रक असेल तर मग एकपेशीय की बहुपेशीय, आणि शेवटी अन्न कसं मिळवतो. एकपेशीय म्हणजे बहुतेक वेळा प्रोटिस्टा (केंद्रक असलेल्या, मुख्यतः एकपेशीय जिवांचा गट), फक्त यीस्ट एकपेशीय असूनही कवकांत, म्हणजे बुरशींत जातं, तेवढं लक्षात ठेवा.

एकाच लक्षणावर निकाल देऊन टाकणं हीपण वाईट सवय. प्लॅटिपस अंडी घालतो म्हणून तो सरीसृप होत नाही, त्याच्या अंगावर केस आहेत आणि मादी पिल्लांना दूध देते. सापाला पाय नाहीत पण त्याच्या पूर्वजांना होते, अजगराच्या शेपटीच्या मुळाशी तर मागच्या पायांच्या उरल्यासुरल्या दोन बारक्या नख्या आजही दिसतात.

पातळ्यांची गल्लतही खूप होते. "कोळी कीटक नाही" हे बरोबर, आठ पाय, शरीराचे दोन भाग आणि स्पर्शिका नाहीत, पण म्हणून तो वेगळ्या संघात जात नाही, दोघेही संधिपादच (सांधे असलेल्या पायांचे प्राणी), फरक खालच्या पातळीवर आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड डोळ्यासमोर ठेवली की हा गोंधळ होत नाही. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना प्रजातीचं पहिलं अक्षर कॅपिटल, जातीचं स्मॉल, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, परीक्षेत मार्क इथे फुकट जातात.

आणि एका ठिकाणी पाच सृष्टी, दुसरीकडे तीन डोमेन (सृष्टीच्याही वरची पातळी) असं दिसलं तर त्यातलं एक चुकीचं समजू नका. पाच सृष्टी (मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती, प्राणी) ही व्हिटाकर या शास्त्रज्ञाची 1969 ची पद्धत. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी पेशीतला आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) तपासून दाखवलं की मोनेरातले काही जीव जिवाणूंपासून फार वेगळे आहेत, त्यांना आपण आता आर्किया म्हणतो, आणि 1990 ला तीन डोमेनची मांडणी आली. उत्तर लिहिताना कुठलीही एक पद्धत धरा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका. व्हायरसला मात्र पाच सृष्टींमध्ये जागा शोधत बसू नका, त्याला पेशीच नाही.