पुण्याच्या जुन्या फोटोवर साल कसं घालायचं

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पुण्याचे चाळीसएक फोटो सापडले की पहिली चूक ठरलेली असते. कुणीतरी अंदाजाने पाठीवर बॉलपेनने ‘१९४०’ लिहून टाकतो. शाई पुढे उमटते आणि चुकीचं साल कायमचं चिकटतं. फोटोला एक साल नसतं, दोन कुंपणं असतात: अमुक सालाच्या आधीचा नाही आणि तमुक सालानंतरचा नाही. ती एकमेकांच्या जितकी जवळ आणता येतील तितकी आणायची.

सुरुवात पाठीपासून करा. स्टुडिओचा शिक्का, नात्यातल्या कुणाचं अक्षर, पोस्टाचा शिक्का असं जे असेल त्याचाही स्कॅन घ्यायचा. मग कागद. दहापट भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, रंग पिवळट-तपकिरी असेल आणि पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला कागद), म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. तंतू दिसत नाहीत आणि गडद भागावर तिरप्या उजेडात आरशासारखी निळसर चकाकी येते, तर जिलेटिन प्रिंट. घरोघरीचे विसाव्या शतकातले काळे-पांढरे फोटो बहुतेक असेच असतात. मात्र कागद प्रिंटचं वय सांगतो, दृश्याचं नाही. काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेल्या प्रती पुष्कळ असतात.

आता चित्रात शिरा. पुण्यापुरत्या या खुणा खात्रीच्या आहेत. मंडईचा मनोरा दिसला तर फोटो १८८६ च्या आधीचा नाही. पाठीवर ‘रे मार्केट’ असेल तर तेच तिचं मूळ नाव. स्टेशनची आजची इमारत १९२५ ची. शिवाजीनगरचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. बसवर ‘पीएमटी’ (पुणे महापालिकेची तेव्हाची बससेवा) असेल तर १९५० ते २००७. पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गाडीवर एमएच-१२ असेल तर नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरचा, म्हणजे १९८९ च्या पुढचा. आणि लाल महालाची आजची वास्तू १९८० च्या दशकात बांधलेली आहे, तेव्हा ती दाखवून कुणी ‘शिवकालीन वाडा’ म्हणाला तर हसून सोडून द्या.

एक उदाहरण. मंडईचा फोटो, कडेला पीएमटीची बस, फळवाल्याच्या पाटीवर ‘डझन १२ आणे’. मनोरा १८८६ म्हणतो, पण बस कुंपण १९५० वर आणते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. आण्याचा हिशेब त्यानंतरही काही वर्षं तोंडात आणि पाट्यांवर टिकला, म्हणून वरची हद्द थोडी सैल ठेवायची. नोंद अशी: ‘१९५० ते १९६० च्या सुमारास, आधार: बस, आण्यातला भाव.’ आधार लिहिल्याशिवाय साल लिहू नये. उद्या कुणाला चूक सापडली तर ती कुठून शिरली हे कळलं पाहिजे.

पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. पाटीच नसेल तर पदर पाहा: सगळ्याच बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असेल तर शंका घ्या.

महिना काढायला सावली उपयोगी पडते. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला आणि अगदी आखूड पडते. डिसेंबरात तीच सावली उत्तरेला, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी. रस्त्याची दिशा माहीत असेल तरच हा हिशेब करा.

जागा पक्की करायला डोंगर धरा, इमारती नव्हे. पेठांतून पर्वती साधारण दक्षिणेला दिसते. मग फोटोत एक जवळचा आणि एक लांबचा बिंदू निवडा, समजा पागोळीचं टोक आणि मागचा कळस. प्रत्यक्ष जागेवर डावी-उजवीकडे सरकत ते दोन्ही फोटोतल्यासारखे एकमेकांवर आले की कॅमेरा कुठून लावला होता ती रेषा सापडली.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), सव्वादोन इंची चौकोनी प्रिंट असेल तर १२०० वर. काळा-पांढरा असला तरी रंगीतच घ्या, डाग आणि शाई वेगळी ओळखता येते. धूळ काढण्याची आपोआप सोय बंद ठेवा. ती पाटीवरचे अनुस्वार खाते. मूळ फाइल टिफ प्रकारात ठेवा, वाटायला जेपीजी. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, खालून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवा. काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन तर नकोच. पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. गुळगुळीत प्लास्टिकी कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर लिहा. प्रसिद्ध झालेल्या फोटोचा स्वामित्वहक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असायचा; त्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात. घरगुती फोटोसाठी त्या घराची परवानगी घ्या.

शेवटी म्हाताऱ्या माणसांकडे जा, पण ‘हा कोणत्या सालचा?’ असं विचारू नका. समाधानासाठी ते एखादं साल सांगून टाकतात. ‘इथे कोण राहायचं? खाली दुकान कसलं होतं?’ असं विचारा. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांबद्दल एकच प्रश्न पुरतो: ‘हे पुराच्या आधीचं की नंतरचं?’ १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटलं आणि काठचे कितीतरी वाडे गेले; साल न आठवणाऱ्यालाही ते आठवतं. उत्तर मिळालं की सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून वेगळ्या रकान्यात लिहा, कागदी पुराव्यात मिसळू नका.