अ‍ॅलर्जीचा डॉक्टर शोधताय? फोनवरच हे विचारून घ्या

सतत शिंका, अंगावर पित्ताच्या गांधी, आणि अ‍ॅलर्जीचा नेमका डॉक्टर कुठला हेच कळत नाही, आमच्या घरी यात बरेच महिने गेले. आपल्याकडे फक्त अ‍ॅलर्जी बघणारे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे त्रासाप्रमाणे शोधायचं: दम, खोकला असेल तर छातीचे डॉक्टर, नाक-शिंका असतील तर ईएनटी, अंगावर उठत असेल तर स्किनवाले, लहान मूल असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ.

१. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, स्किन प्रिक टेस्ट (हातावर थेंब टाकून बारीक टोचून अ‍ॅलर्जी बघतात ती) तुमच्याकडेच होते का आणि ती बघून डॉक्टर स्वतः बोलतात का. टेस्टचा रिझल्ट १५-२० मिनिटांत हातावरच दिसतो. नुसतं रक्त घेऊन शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारं पॅकेज गळ्यात मारत असतील तर मी तरी तिथे जाणार नाही, त्या यादीपायी लोक उगाच दूध-गहू सोडून बसतात.

२. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून रजिस्ट्रेशन बघा, दोन मिनिटांचं काम.

३. कधी, कुठे, काय खाल्ल्यावर त्रास झाला ते दोन आठवडे लिहून ठेवा आणि गांधी उठल्या की लगेच फोटो काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गायब झालेल्या असतात!

आणि हो, सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि दम्याचा पंप मनाने अजिबात बंद करू नका. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर अपॉइंटमेंट वगैरे सोडा, सरळ १०८ ला फोन करा.