घरच्या चार्जिंगमधला दोष कसा शोधावा

रात्री इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावावी आणि सकाळी पाहावे तर बॅटरी जेवढी होती तेवढीच, असे झाले की पहिला संशय गाडीवर जातो आणि आपण थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. वास्तविक घरच्या चार्जिंगमध्ये तीन घटक असतात: घरचे वायरिंग, चार्जर व त्याची केबल, आणि गाडी. दोष यांपैकी कोणाचा आहे हे ठरवण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चार्जिंग सुरू होईलही, पण ते कशामुळे झाले हे कळणार नाही.

आपण ज्याला चार्जर म्हणतो तो भिंतीवरचा किंवा केबलमधला डबा खऱ्या अर्थाने चार्जर नसतो. घरात येणाऱ्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीमध्ये रूपांतर करून बॅटरी भरणारा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. बाहेरचा डबा म्हणजे गाडीशी बोलून मगच वीज सोडणारा एक दक्ष स्विच आहे; पुढे रूढ भाषेप्रमाणे त्यालाच चार्जर म्हटले आहे. हे बोलणे पायलट नावाच्या एका बारीक तारेवरून होते. गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत बसणारा जोड, लावलेली नसताना या तारेवर १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली की ते ९ वर येतात आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. त्यानंतरच डब्यातला स्विच खट् असा आवाज करून जोडला जातो. हा आवाज कान देऊन ऐकावा, कारण त्यावरून बरेच समजते. तो आलाच नाही तर बोलणे अपुरे राहिले आहे: गन पूर्ण बसलेली नाही, पिनांवर धूळ किंवा पाणी आहे, किंवा गाडीनेच होकार दिलेला नाही. आवाज येऊन लगेच पुन्हा खट् झाले, तर वीज सोडल्यावर काहीतरी वावगे आढळले आणि पुरवठा तोडला गेला, असे समजावे.

गाडीने होकार न देण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे वेळापत्रक. गाडीत चार्जिंगची एक वेळ आणि चार्जरच्या ॲपमध्ये दुसरीच वेळ लावलेली असेल तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून तपासणीपूर्वी दोन्हीकडची वेळापत्रके बंद करावीत आणि किती टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचे याची मर्यादाही पाहून घ्यावी. गाडीतली लहान १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असली तरीही मोठी बॅटरी भरायला सुरुवात होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एवढ्याने काम झाले नाही तर गाडी दुसऱ्या एसी चार्जरवर लावून पाहावी. तिथे ती व्यवस्थित चार्ज झाली, तर दोष घराकडे आहे. डीसी फास्ट चार्जरवर मात्र ही परीक्षा घेऊ नये, कारण तिथे गाडीतला चार्जर वापरलाच जात नाही आणि निष्कर्ष फसवा निघतो.

घरच्या बोर्डावरचा स्विच पडत असेल तर कोणता आणि केव्हा पडतो, हे टिपून ठेवावे. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच, वीस-तीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा जोड सैल होऊन तापत आहे. चार्जिंग सुरू होताच आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडे गळत असल्यास पडणारा स्विच, पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. गाडी न जोडताही तो पडत असेल तर केबल, चार्जर किंवा वायरिंग पाहावे. गाडी जोडल्यावरच पडत असेल तर गाडीतला चार्जरही तपासून घ्यावा. कारण न शोधता स्विच पुन्हा पुन्हा वर करणे अत्यंत चुकीचे आहे.

सर्वांत जास्त काळजी उष्णतेची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मिक्सर किंवा इस्त्री थोडा वेळ चालते. गाडी मात्र आठ-दहा तास सलग तेवढाच प्रवाह ओढत राहते. सॉकेटमागचा स्क्रू किंचित सैल असेल आणि तिथे केवळ ०.१ ओहम रोध तयार झाला असेल, तर १० अँपिअरला त्या एका बिंदूवर १० वॉट उष्णता निर्माण होते, १६ अँपिअरला २५ वॉटांहून अधिक. माझ्या स्वतःच्या सॉकेटवर डाव्या छिद्राभोवती चहाच्या डागासारखे तपकिरी वर्तुळ उमटले होते; मी ते मळ समजून पुसत राहिलो, आणि सॉकेट उघडल्यावर आतल्या तारेचे वेष्टण करपून ठिसूळ झालेले दिसले. तेव्हापासून चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. कोमट लागले तर हरकत नाही; हात ठेववत नसेल, करपल्याचा वास येत असेल किंवा रंग बदललेला असेल, तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवावे, मग स्विच बंद करावा आणि त्यानंतरच प्लग काढावा. चालू प्रवाहात प्लग ओढल्यास ठिणगी पडते. गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर तर कधीही वापरू नये.

चार्जरवर अर्थिंगचा दोष दिसत असेल तर त्याची खोड म्हणून सोडून देऊ नये. यावर उपाय म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकमेकांना जोडून देण्याची एक घातक युक्ती सुचवली जाते. तसे केल्यावर मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यावर वीज उतरते आणि दाराला हात लावणारा माणूसच तिचा जमिनीकडे जाणारा मार्ग ठरतो.

चार्जिंग होते पण फार सावकाश होते, ही तक्रार बहुधा दोषाची नसून हिशेबाची असते. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, ४० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी भरायला, वाटेतली घट धरून, सुमारे २० तास लागणारच. शिवाय व्होल्टेज उतरले, प्लग तापला किंवा बॅटरी फार थंड अथवा गरम असली, तर चार्जिंगचा वेग आपोआप कमी केला जातो.

बोर्ड किंवा सॉकेट उघडण्याचे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावे. त्याला चार्जरवरच्या दिव्याचा रंग, पडद्यावरचा कोड, किती मिनिटांनी काय घडले आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होते, हे लिहून द्यावे. आरसीसीबी कोणत्या प्रकारचा आहे हेही विचारावे. साध्या एसी प्रकारचा या कामासाठी योग्य नसतो, किमान ए प्रकारचा आणि त्याच्या जोडीला डीसी गळती ओळखणारी सोय, किंवा बी प्रकारचा लागतो. दुरुस्ती झाल्यावर इलेक्ट्रिशियन समोर असतानाच गाडी लावावी, अर्धा तास थांबावे आणि प्लगला हात लावून पाहावे.