स्वेटर, फ्लीस की घोंगडी? कोण किती ऊब धरतं ते घरीच मोजा

कापड स्वतः काही गरम नसतं, आतली उष्णता बाहेर जायला ते किती वेळ लावतं एवढंच मोजायचंय. त्यामुळे दुकानात हाताला मऊ, गरम लागलं यावर जाऊ नका.

एकसारखे झाकणवाले स्टीलचे डबे घ्या, जितकी कापडं तितके आणि वर एक जास्तीचा, त्याला झाकण लावायचं पण कापड गुंडाळायचं नाही, नाहीतर तुलना कशाशी करणार. कापडं म्हणजे सुती टीशर्ट, लोकरी स्वेटर, फ्लीस (मऊ, फुगीर पॉलिएस्टरचं कापड), घरात घोंगडी असेल तर मस्तच. थर्मामीटर लॅबवाला 110 डिग्रीचा घ्या, तापाचा अजिबात नको, तो 42 लाच संपतो.

पाणी एकाच पातेल्यात साधारण 70 डिग्रीपर्यंत तापवून प्रत्येक डब्यात 250 मिली मापून ओता, लगेच तापमान लिहा, झाकण लावा आणि कापड गुंडाळा, वरून आणि खालून पण, खालची बाजू लोक हमखास विसरतात आणि मग ओट्याचा ग्रॅनाइट सगळी उष्णता ओढून घेतो, म्हणून डबे लाकडी पाटावरच ठेवा. पंखा बंद. मधेमधे झाकण उघडून बघायचा मोह होतो, नका उघडू, अर्ध्या तासाने एकदाच मोजा. समजा बिनकापडाचा डबा 18 डिग्री उतरला आणि स्वेटरवाला 11, तर स्वेटरने 7 वाचवले, असा प्रत्येकाचा हिशोब मांडा.

आता खरी गंमत. टीशर्टच्या घड्या घालून तो स्वेटरएवढा जाड करा आणि परत मोजा, फरक बराच कमी होतो, कारण ऊब धरते ती मुख्यतः धाग्यांमधे अडकलेली हवा. जुन्या सुती साड्यांची गोधडी थंडीत चालते ती यामुळेच. म्हणून कापड दोरीने आवळू नका, हवा निघून जाते, ढिला रबरबँड बास.

मग हीच कापडं भिजवून, पिळून बघा. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसेक पट जास्त जाते, त्यात ओलं सुती कापड चपटं होऊन डब्याला चिकटतं, लोकर मात्र थोडी फुगीर राहते. हिमालयात ट्रेकला सुती कपडे नको म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी कोरड्या कापडांवर पंखा लावून मोजा. इथे फ्लीसची हवा निघते, सैल विणीच्या स्वेटरची पण, वरून पातळ विंडचीटर गुंडाळलात की दोन्ही परत शर्यतीत येतात. बाईकवर जाणाऱ्यांनी तर ही टेस्ट आधी करा, बाकीच्या नंतर.