खेळताना तापणारा लॅपटॉप: माझा अनुभव

खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटांतच प्रोसेसरचे तापमान ९७ अंश सेल्सिअसवर जाई आणि वेग आपोआप घटून चित्र अडखळू लागे. कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) वापरला, जाळी बाहेरून साफ केली, पण फरक पडला नाही. दोन महिने मी अक्षरशः वैतागलो होतो.

अखेर लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, खालचे झाकण उघडून सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली आणि पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून, पंखा व हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये दाट थरासारखी बसलेली, बाहेरून मुळीच न दिसणारी धूळ ब्रशने काढली. मग हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याजवळ लिहिलेल्या क्रमांकांच्या उलट क्रमाने सोडवले, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, प्रोसेसरच्या चिपवर नव्या पेस्टचा पातळ, सलग थर दिला आणि स्क्रू क्रमांकानुसार थोडेथोडे आवळले. आता तासभर खेळूनही तापमान ८२ अंशांपुढे जात नाही.